बर्फाच्या कारखान्यातली पाणबुडी

बंदीचे दोन महिने बर्फाचा कारखाना झोपलेला असतो.
विजयदुर्गच्या धक्क्याकडे होड्या झापांखाली,
आणि आत, हिशोबाच्या संगणकावर,
मी उत्तर समुद्रात तेरा मीटर खोल.
अमोनियाचा वास तिथेही असाच असणार.

पहिल्या आठवड्यात एकही जहाज बुडालं नाही.
पेरिस्कोपच्या काचेत दिसलं की मी बटण दाबायचो,
टॉर्पेडो निघायचा, पोचायचा,
तोवर जहाज आपल्या कामाला गेलेलं.

गुणाजीमामा जुवाटकर डिझेलच्या उधारीचं बोलायला आला
आणि दारातच थांबला.
तीन नेम फुकट गेले तसा म्हणाला,
"जहाज आसा थंय मारू नको.
जहाज येतला थंय मार.
आता थंय नुसता पाणी आसा, त्या पाण्याक मार."
मग खुर्ची ओढली. उधारी तशीच राहिली.

मी त्याच्या कानांवर हेडफोन चढवले.
वल्ह्याचं पातं पाण्यात, दांडा कानाशी,
ढोम्याचं गुरगुरणं ऐकून जाळं टाकायला सांगणारा माणूस.
डोळे मिटून म्हणाला,
"दोन पंखे. एक मोडको. भरलेला आसा, सावकाश चलता."
माझ्या पडद्यावर अजून धुकंच होतं.

डोलकाठीच्या उंचीवरून अंतर.
नाळेपुढच्या फेसाच्या मिशीवरून वेग.
मागून धावायचं नाही,
पुढे जाऊन त्याच्या वाटेला काटकोनात बसायचं,
इंजिन बंद, दिवे लाल,
आणि आम्ही दोघं उगाचच कुजबुजत.
टॉर्पेडोची खोली तळापेक्षा हातभर जास्त,
म्हणजे तो पोटाखाली फुटतो, कणा मोडतो.
किल्ल्याजवळची पाण्यातली भिंत हेच करायची म्हणतात, मामा म्हणाला,
नि तिका डिझेल लागत नाय होता.

नऊशे मीटर. अठ्ठावन्न सेकंद.
पहिलं जहाज मधोमध दुमडलं तेव्हा
आम्ही इतके ओरडलो की बाहेरचं कुत्रं भुंकायला लागलं.
मामा वहीच्या शेवटच्या पानावर टनांची नोंद करायचा,
सुरमईची करतो तशी, पेन्सिलीने,
ज्याला-त्याला दाखवायची नाही अशी.

जुलैच्या एका रात्री दोन सोडले.
पहिला लागला. मी टाळी द्यायला हात पुढे केला,
मामाने तो धरून ठेवला.
"दुसऱ्याचो आवाज बारीक जाणा नाय."
कसं?
"मोठो होता. फिरलो तो. खाली घे. खाली घे!"
साठ मीटर, सत्तर, लोखंड कण्हतंय,
आणि आपणच सोडलेलं ते शिटी वाजवत
डोक्यावरून गेलं, वळलं, पुन्हा गेलं.
हेडफोन काढून त्याने टेबलावर ठेवले, पालथे.
चहा मागितला. प्याला नाही.
पुढचे दोन दिवस आला नाही,
तिसऱ्या दिवशी आला तो माझ्याही आधी.

ऑगस्टात बंदी उठली.
कारखाना घरघरू लागला, संगणकावर लाद्यांचे आकडे,
मामा पहाटेच्या काळोखात खाडीबाहेर.

परवा रात्री वारा उलटा फिरला.
सगळ्या होड्या आल्या, एक यायची होती.
मी कारखान्याच्या गच्चीवर गेलो,
पाइपाला कान लावला, मूर्खासारखा,
आणि मग नुसत्या हवेतूनच ऐकू आलं:
एक पंखा, जुनं इंजिन, तिसऱ्या ठोक्याला अडखळणारं.
दिवा दिसत नव्हता.
पण दिशा कळली, वेग कळला,
सवयीने काटकोनसुद्धा मांडून झाला.
लाल बोयाच्या डावीकडे
जिथे आता नुसतं पाणी होतं,
त्या पाण्यावर मी नजर लावली
आणि मोजायला लागलो.
चार मिनिटं अकरा सेकंद.

माझं गणित सहा सेकंदांनी चुकलं.
तो लवकर आला.